एक्क्याऐंशी दिवस मागे

प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत गेल्या उन्हाळ्यापर्यंत अशी पद्धत होती की पाहुणा आला की त्याला दारातच सांगून ठेवायचं, "शेजारच्या काकांशी काहीही बोला, ताजी बातमी तेवढी सांगू नका." पाहुण्याला वाटे, काकांचं हृदय नाजूक असेल. तसं काही नव्हतं. काका पहाटे उठून अंगण झाडत, दोन मजले पायऱ्या चढून गच्चीवरची टाकी बघून येत. ते फक्त एक्क्याऐंशी दिवस मागे होते.

हे लांजेवार काका. मूळ सावनेरकडचे, पण सगळी नोकरी नागपुरात, एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर 'आवक'चा शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, आणि तो आला त्याच क्रमाने पुढे सरकवायचा, एवढंच त्यांचं काम. साहेबाच्या साडूचा कागदसुद्धा त्यांनी कधी गठ्ठ्याच्या मधून वर काढला नाही, असं ते छाती फुगवून सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या खर्चाने दोन शिक्के करून घेतले, एक 'आवक' आणि एक 'निकाली'. घरात येणाऱ्या कागदांमध्ये नियमित असा एकच होता, रोजचा पेपर. मग तोच त्यांच्या तावडीत सापडला.

सकाळी सहाला पेपर पडला की काका त्याची पानं मोजत, डोक्यावर 'आवक' उमटवत आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून मोठ्याने वाचायला घेत. मोठ्याने म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात मिक्सर बंद करावा लागे इतकं. प्रत्येक मोठ्या बातमीवर ते मत देत. मत दिल्याशिवाय बातमी निकाली निघत नाही, असा त्यांचा नियम. सगळी पानं झाली की 'निकाली'चा शिक्का. आमच्या चौकातल्या पोहेवाल्याकडे रद्दी त्यांच्याच घरून जायची, त्यामुळे अर्धं प्रताप नगर 'निकाली' शिक्क्याच्या कागदावर तर्री-पोहे खात असे.

मतं त्यांची ठाम असत. उड्डाणपुलाबद्दल म्हणाले, "पूल झाला, चांगलं झालं. पण जाम खाली होता तो आता वरतं गेला. पहिले तिथं झाडाची सावली तं होती." साहित्य संमेलनाबद्दल, "ठराव कमी करा अन् पंगती वाढवा. ठराव कोणी पाळत नाही, जेवण तं लोकं घरी जाऊन आठवते." दूरदेशीच्या युद्धाबद्दल, "दोघायलेही एका टेबलावर बसवा अन् चहा एकच द्या." आणि कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल बराच विचार करून, "हे आमच्या साहेबाले तवाच बसवाले पाहिजे होती."

प्रत्येक मतानंतर काका थांबत. आतून, बहुधा कणीक मळता मळता, कुसुमकाकूंचा आवाज येई, "बरं मंग?"

एवढंच. चाळीस वर्षं त्या माउलीने नवऱ्याच्या मतांवर दुसरा शब्द खर्च केला नाही. पण त्या दोन शब्दांशिवाय काका पुढच्या बातमीकडे वळत नसत. "बरं मंग?" आलं की ते खाकरत आणि पान उलटत.

दुसरे श्रोते म्हणजे मेश्राम सर. मागच्या गल्लीत राहत, गणिताचे निवृत्त शिक्षक. ते रोज साडेसहाला येऊन व्हरांड्याच्या कठड्यावर बसत ते केवळ असहमत होण्यासाठी. काकांचं मत संपलं की म्हणत, "चूक." काकांनी काहून म्हणून विचारलं की म्हणत, "पायऱ्या दाखव." धान, धरण, क्रिकेट, धर्म, सासू-सून आणि सरकार, एकाही विषयावर या दोघांचं कधी जुळलं नाही. एकदा काकांनी मुद्दाम मेश्राम सरांचंच आदल्या दिवशीचं मत आपलं म्हणून वाचून दाखवलं. सर म्हणाले, "चूक. काल बरोबर होतं."

मग कुसुमकाकू आजारी पडल्या. त्या अडुसष्ट दिवस दवाखान्यात होत्या आणि काका अडुसष्ट दिवस त्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर. घरी फक्त सकाळी आंघोळीला येत. पेपर पडलेला असे, त्यावर 'आवक' मारत, पानं मोजत आणि न उघडता दिवाणाखाली ठेवून परत जात. काकू गेल्या. तेराव्यापर्यंत आणखी तेरा पेपर गठ्ठ्यावर चढले.

चौदाव्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून पुन्हा वाचनाचा आवाज आला. मला बरं वाटलं. नंतर कान देऊन ऐकलं तर काका आकाशकंदिलांच्या भावावर मत देत होते. बाहेर संक्रांत होऊन गेली होती.

मी भिंतीवरून डोकावले. "काका, हा पेपर जुना आहे."

"माहीत आहे वं सूनबाई," ते म्हणाले. "याचा नंबर पहिला आहे. याले सोडून आजचा घेतला तं मंग माझ्यात अन् त्या साहेबात फरक काय?"

"मग रोज दोन-दोन वाचा. महिना-दोन महिन्यांत गाठाल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी घरात जावं. "एका दिवसात दोन दिवसाचा राग नाही करता येत," ते म्हणाले. "अन् कोणी मले पुढचं सांगजो नका."

झालं. रोज एक पेपर येणार आणि रोज एकच निकाली निघणार, म्हणजे अंतर कायम. माणूस एक्क्याऐंशी दिवस मागे जाऊन तिथेच राहायला लागला. विजेचं बिल, औषध, लेकीचा हैदराबादहून येणारा फोन, हे सगळं आजच्या तारखेनं. मतं तेवढी पेपराच्या तारखेनं. टीव्ही त्यांनी कापड टाकून झाकला. मेश्राम सर घरी आजचा पेपर वाचत आणि काकांच्या फाटकाशी चपला काढाव्यात तसा तो बाहेर ठेवून आत शिरत. "चूक" म्हणायचं तर त्याच दिवसात जाऊन म्हणायला हवं, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

आम्हाला सुरुवातीला गंमत वाटली, मग सवय झाली, आणि मग आम्हीच त्यात अडकलो. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी काका काठी घेऊन दारोदार फिरले. मनीषनगरच्या पलीकडे बिबट्या दिसला होता. "एकटी फिराले जाऊ नको वं. पोट्ट्यायले खेळू देऊ नका. बिबट्या फिरून राहिला." तो बिबट्या जानेवारीतच पकडून जंगलात सोडला होता आणि आम्ही ते विसरूनही गेलो होतो. पण सांगायचं कसं? पुढचं सांगायचं नाही असं ठरलेलं. माझ्या सासूबाई सोशिक, त्या काकांचं मन राखायला संध्याकाळी काठी घेऊन फिरायला जाऊ लागल्या. त्यांचं पाहून समोरच्या बाई काठी घेऊ लागल्या. आठ दिवसांत दुसऱ्या गल्लीतला एक माणूस शपथेवर सांगायला लागला की त्याने शेपूट पाहिलं. मग मात्र मलाही अंधार पडल्यावर कपडे काढायला गच्चीवर जाववेना.

निवडणुकीचं तर विचारूच नका. मतदान झालं तेव्हा काकू दवाखान्यात होत्या. काका जाऊन मत देऊन आले होते, पण निकाल काय लागला ते त्यांच्या कानावर आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर शिरलं नव्हतं. मार्चमध्ये त्यांच्या पेपरात प्रचार ऐन रंगात आलेला, आणि नेमके तेव्हाच आमच्या प्रभागाचे निवडून आलेले नगरसेवक गल्लीत नालीच्या कामाचा नारळ फोडायला आले. गळ्यात हार, मागे दहा माणसं. काकूंबद्दल ऐकून दोन शब्द बोलायला म्हणून ते व्हरांड्यात चढले.

काकांनी त्यांना पाणी दिलं आणि कळवळून म्हणाले, "तुमचं यंदा कठीण दिसून राहिलं बाप्पा."

नगरसेवक दचकले. "काय कठीण, काका?"

"सगळंच. वातावरण नाही तुमचं. घरोघरी फिरा. असे हार घालून फिरसान तं पडसान."

मेश्राम सर जोरजोरात खोकायला लागले. नगरसेवकांनी एकदा हाराकडे पाहिलं, एकदा मागच्या माणसांकडे. मग इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचे हात आपोआप जोडले गेले. "लक्ष असू द्या, काका. तुमचं मत आपल्यालेच."

"मत गुप्त असते," काका म्हणाले.

फाटकाबाहेर गेल्यावर ते आपल्या माणसाला हळूच विचारत होते, की आपल्या प्रभागात काही फेरमतदान वगैरे निघालं आहे का. नारळ फोडायचा राहूनच गेला. नाली अजून उघडी आहे.

आणखी एक सांगते. गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबाखाली काहीतरी बांधायचं होतं आणि त्यावर तीस दिवसांत हरकती द्याव्यात अशी सूचना काकांच्या पेपरात आली. काका हरकत लिहून, इस्त्रीचा सदरा घालून, एका कार्यालयात गेले. मुदत केव्हाच संपली असणार म्हणून मेश्राम सर त्यांना सावरायला सोबत गेले. तिथल्या बाबूने कागद घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, "काका, हे प्रकरण अजून आमच्या टेबलावर आलंच नाही. तुम्ही लय लवकर आले. पावसाळ्यानंतर या." काका परतले ते डोळे पुसतच. "सूनबाई, शाखा अजून जिवंत आहे वं," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पूर्ण वाटीभर भात खाल्ला. काकू गेल्यापासून पहिल्यांदाच.

हसता हसता माझ्या लक्षात आलं की दिवाणाखालचा गठ्ठा सरकतो आहे. त्यात खाली कुठेतरी तो पेपर होता. काकू गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचा, सहाव्या पानावर त्यांचा फोटो आणि निधनाची चौकट. माझ्याकडे तो आला होता, मी पाहिला होता. रोज एकेक करत काका त्या पानाकडे चालले होते. काकांच्या पेपरात कुसुमकाकू अजून जिवंत होत्या, आणि दोन आठवड्यांत तिथेही जाणार होत्या. मला हे सुचलं आणि पोळी तव्यावर करपली.

मेश्राम सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून मोजून राहिलो."

आणि मग काकांची गती मंदावली. सगळ्या नोकरीत ज्याने कागद अडवला नाही, तो माणूस एकच पेपर दोन-दोन दिवस वाचू लागला. "यावर मत पक्कं झालं नाही," म्हणत. मग तीन दिवस. मग निकाली निघालेले जुने पेपर फेरविचाराला परत आले. आकाशकंदिलांचे भाव पुन्हा निघाले. नवे पेपर वर चढत होते, खालचे हलत नव्हते. एक्क्याऐंशीचे शंभर झाले, शंभराचे एकशे वीस. एप्रिल संपला, गल्लीत कूलर लागले, आणि काका काकूंच्या शेवटच्या दिवसाच्या अलीकडे दोन पेपर येऊन थांबले ते थांबलेच. ताटातली भाजी तशीच राही. सदरा खांद्यावरून उतरायला लागला. लेक फोनवर रडली. माणूस मागे राहिला तर चालतं, पण असा थांबला तर किती दिवस टिकणार, याची आम्हाला भीती वाटायला लागली.

तेव्हा मी आणि मेश्राम सरांनी तो मूर्खपणा केला. ते पानच काढून टाकायचं असं ठरलं. पान नसेल तर काका सहज पुढे सरकतील, हा आमचा हिशोब. काकांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असे. ते हयातीच्या दाखल्याच्या कसल्याशा कामाला बँकेत गेले, तशी आम्ही दोघं आत शिरलो. निवृत्त गणित शिक्षक दिवाणाखाली पोटावर आणि मी त्यांच्या चपला हातात घेऊन दाराशी. पेपर लगेच सापडला, सगळे क्रमाने होते. सर म्हणाले, "तो पानं मोजून ठेवते. नुसतं काढलं तं कमी भरन." म्हणून त्यांनी पुढच्या एका पेपरातलं त्याच क्रमांकाचं पान काढून याच्यात घातलं. बेरीज बरोबर आली याचा त्यांना इतका आनंद झाला की दिवाणाखालून निघताना डोकं आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काका आमच्या फाटकाशी. पांढरे पडलेले, हातात तो पेपर.

"सूनबाई, यातलं पान गहाळ आहे."

मी म्हणाले, "मोजलीत का नीट?"

"मोजली. बरोबर आहे. पण हे पान याचं नाही. हे पुढच्या हप्त्याचं आहे." त्यांनी पानावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "यात तं बिबट्या सापडला असं लिहून आहे! मले समजलं नं आता! कोणाचं काम आहे हे?"

तेवढ्यात मेश्राम सर आले. कपाळावर टेंगूळ. काकांनी टेंगळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं.

"पान दे," ते म्हणाले.

सर म्हणाले, "नको गा पाहू ते."

"अबे, मी रोजच पाहतो ते," काका म्हणाले. "रोज सकाळी काढतो, तिचा फोटो पाहतो, घडी घालून ठेवून देतो. वाचत नाही. ते छापाले मीच दिलं होतं, त्यात काय आहे मले माहीत नाही का? आज फोटो पाहाले गेलो तं तिथं बिबट्या."

मला माझी इतकी लाज वाटली की मी पदराशी चाळा करत उभी राहिले. सरांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेलं पान काढलं. रात्रभर ते त्यांच्या उशाशीच असावं.

काका परत गेले आणि व्हरांड्यात बसले. सर कठड्यावर बसले. मी भिंतीशी उभी राहिले, घरात जायचं सुचलं नाही. कूलरच्या वाऱ्यानं पान उडत होतं, त्याचं एक टोक सरांनी धरलं. मधले दोन पेपर शिल्लक होते, पण काकांनी त्या दिवशी क्रम मोडला. चष्मा पुसला आणि नेहमीच्या आवाजात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं, वाचायला घेतलं.

"सौ. कुसुम लांजेवार यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन." इथे ते अडले. "अल्पशा कायचं? अडुसष्ट दिवस होती. हे त्यायनं मनानं टाकलं." पुढे वाचलं. पश्चात पती, कन्या, जावई, एक नात. चौकट छोटी होती, लगेच संपली.

काकांनी पान मांडीवर ठेवलं. मत द्यायची वेळ झाली होती.

"मले हे मान्य नाही," ते म्हणाले.

आणि थांबले. तेच थांबणं, रोजचं. आतून काही आलं नाही. माझ्या ओठांवर ते दोन शब्द आले होते, पण ते माझे नव्हते, मी गिळले. काका आतल्या दाराकडे मान वळवून बसले होते. मग त्यांनी मान सरांकडे वळवली. निदान "चूक" तरी येईल म्हणून आम्ही सगळेच वाट पाहत होतो.

मेश्राम सरांनी चष्मा काढला.

"मलेही नाही," ते म्हणाले.

काकांनी पान पुन्हा उचललं. "पक्कं नं? उद्या बदलशीन."

"नाही बदलत. लिही."

काकांनी खिशातला पेन काढून चौकटीच्या बाजूला, जिथे जागा होती तिथे, लिहिलं, 'मान्य नाही'. सही केली. पेन सरांना दिला, सरांनी त्याखाली सही केली. 'निकाली'चा शिक्का समोरच शाईच्या डबीवर होता. काकांनी तो उचलला, क्षणभर हातात धरला, आणि कोरडा पुसून शिक्क्यांच्या डब्यात बंद करून ठेवला.